इंग्रजी आडनावाचे मूळ कसे शोधावे : यॉर्कशायरच्या थॅकरे घराण्याच्या आधाराने

एखाद्या इंग्रजी आडनावाचा इतिहास शोधायला बसलेला माणूस बहुतेक वेळा आधी आडनावांचा कोश उघडतो, त्यातला दीड ओळीचा अर्थ वाचतो आणि काम झाले असे समजतो. कोशातली ती नोंद अभ्यासकांच्या अनेक वर्षांच्या कष्टांतून आलेली असते, यात शंका नाही. मात्र ती आडनावाविषयी सांगते. आपण ज्या घराण्याचा शोध घेतो आहोत त्याविषयी ती काहीच सांगत नाही. एकच आडनाव चार गावांत स्वतंत्रपणे तयार झालेले असू शकते आणि एकाच बापाच्या तीन मुलांची आडनावे तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेली सापडू शकतात. म्हणून आधी माणसे, मग गाव आणि सर्वांत शेवटी अर्थ, हा क्रम पाळावा, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी मी थॅकरे हे आडनाव घेतले आहे. ते यॉर्कशायर परगण्याच्या पश्चिम भागातल्या एका लहानशा टापूत जन्मले, त्याच्या मध्ययुगीन खुणा अजून शिल्लक आहेत आणि त्या घराण्याची एक शाखा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालपर्यंत आली. कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांचा जन्म १८११ मध्ये कोलकात्यात झाला, तो याच शाखेत.

आडनाव कोणत्या प्रकारचे आहे, हे आधी ओळखावे

इंग्रजी आडनावे ढोबळमानाने चार प्रकारची आहेत. काही गावावरून किंवा शिवारातल्या एखाद्या खुणेवरून आली, काही धंद्यावरून, काही बापाच्या नावावरून आणि काही अंगलक्षणावरून किंवा स्वभावावरून पडलेल्या टोपणनावांतून आली. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, वेबस्टर म्हणजे विणकर, फ्लेचर म्हणजे बाण तयार करणारा. जॉन्सन आणि विल्सन ही बापाच्या नावावरून, तर आर्मस्ट्राँग हे दंडाच्या ताकदीवरून पडलेले आहे.

हा प्रकार आधी ओळखण्याचे कारण व्यावहारिक आहे. लोहार प्रत्येक गावात होता, त्यामुळे सगळ्या स्मिथांचा मूळपुरुष एक असण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे आडनावाचा उगम शोधण्यात अर्थ नसतो, फक्त आपल्या घराण्याची वंशरेषा लावता येते. याउलट एखाद्या लहान वाडीवरून पडलेले, देशभर विरळ आढळणारे आडनाव एकाच कुटुंबापासून फुटलेले असण्याची शक्यता बरीच असते आणि तिथे थेट उगमापर्यंत पोहोचण्याची आशा धरता येते. मराठीतल्या ‘कर’ लावलेल्या आडनावांप्रमाणेच इथेही एक गोष्ट ध्यानात ठेवावी : गावाचे नाव माणसाला चिकटते ते बहुधा त्याने गाव सोडल्यावर. म्हणून आडनावातले गाव आणि जुन्या नोंदींतले घर यांत काही मैलांचे अंतर पडलेले दिसले, तर ते अपेक्षितच समजावे.

कालाचेही भान हवे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर जमीनदार घराण्यांत वंशपरंपरागत आडनावे रुजू लागली. सामान्य शेतकऱ्यांपर्यंत ती पोहोचायला पुढची दोन-तीन शतके लागली आणि उत्तर इंग्लंडमध्ये तर दक्षिणेपेक्षाही उशीर झाला. त्यामुळे चौदाव्या शतकातल्या यॉर्कशायरमध्ये एखाद्याच्या नावापुढे गावाचे नाव दिसले, तरी त्याच्या मुलाने ते पुढे चालवलेच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

आजपासून मागे जावे

शोध जिवंत माणसांपासून सुरू करावा. घरातले जन्मदाखले, लग्नाचे दाखले, पत्रे, बायबलच्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा असे जे असेल ते गोळा करावे आणि मग सरकारी नोंदींकडे वळावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नागरी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. स्कॉटलंडमध्ये ती १८५५ पासून, तर आयर्लंडमध्ये १८६४ पासून पूर्णपणे लागू झाली. सुरुवातीच्या काळात जन्म नोंदवण्याची सक्ती कडक नव्हती, ती १८७५ पासून झाली. म्हणून १८५० च्या आसपासचा एखादा जन्म सूचीत नसेल, तर माणूसच नव्हता असा निष्कर्ष काढू नये. नोंदणी खात्याच्या स्वतःच्या संगणकीय सूचीत अगदी १८३७ पासूनच्या जन्मांसमोर आईचे माहेरचे आडनाव दिलेले आहे. एकाच वर्षी एकाच नावाची तीन मुले जन्मलेली दिसली की नेमके आपले मूल कोणते, हे त्यावरून ठरते. स्वयंसेवकांनी उभारलेले फ्री-बीएमडी आणि मॉर्मन पंथीयांचे फॅमिलीसर्च ही दोन्ही संकेतस्थळे विनामूल्य आहेत आणि आरंभासाठी पुरेशी आहेत.

जनगणनेचे तक्ते हा या सगळ्या शोधाचा कणा आहे. प्रत्येक माणसाचे नाव टिपणारी आणि आज सर्वत्र उपलब्ध असलेली पहिली गणना १८४१ ची. त्यानंतर दर दहा वर्षांनी गणना झाली, पण १९३१ चे तक्ते १९४२ मधल्या आगीत जळाले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे गणना झालीच नाही; ही उणीव काही प्रमाणात सप्टेंबर १९३९ च्या राष्ट्रीय नोंदवहीने भरून निघते. तक्ते शंभर वर्षे बंद ठेवले जातात, त्यामुळे १९२१ चे तक्ते २०२२ मध्ये खुले झाले.

एखादा तक्ता कसा वाचावा, हे इथे थोडे सविस्तर सांगतो. १८८१ च्या पानावर डाव्या बाजूला रस्ता आणि घर, मग घरातल्या प्रत्येकाचे नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, विवाहित की अविवाहित, वय, धंदा आणि उजवीकडे जन्मस्थान अशा उभ्या ओळी असतात. नवखा वाचक नाव आणि वय पाहून पुढे सरकतो. आपण मात्र जन्मस्थानाची ओळ वरपासून खालपर्यंत वाचावी. बाप एका गावी, आई दुसऱ्या गावी, थोरली दोन मुले तिसऱ्या गावी आणि धाकटी लीड्समध्ये जन्मलेली असतील, तर ते कुटुंब खेड्यातून शहरात साधारण कोणत्या वर्षी आले हे त्या एका उभ्या ओळीतून कळते आणि पुढे कोणत्या गावाची चर्चदप्तरे चाळायची तेही ठरते. १८५१ पासून जन्मगाव लिहिलेले असते. १८४१ मध्ये मात्र ‘याच परगण्यात जन्म झाला का’ याचे हो किंवा नाही, किंवा जन्म स्कॉटलंड, आयर्लंड वा परदेशात झाल्याची खूण, एवढेच असते आणि पंधरा वर्षांवरील माणसांची वये बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिलेली असतात. त्या वर्षी पस्तीस लिहिलेला माणूस एकोणचाळीस वर्षांचाही असू शकतो.

एकोणिसाव्या शतकातल्या गणनेवरून आडनावाचा नकाशाही काढता येतो. थॅकरे आणि त्याची भावंडरूपे त्या नकाशावर यॉर्कशायरच्या पश्चिम भागात दाटलेली दिसतात. एखादे आडनाव असे एकाच जागी दाटलेले दिसले, की उगम तिथे जवळपास असावा असे धरून चालायला हरकत नाही. मात्र पुरावा म्हणून एवढे पुरत नाही.

चर्चची दप्तरे

१८३७ च्या मागे जायचे तर पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या स्थानिक हद्दीच्या, दप्तरांना पर्याय नाही. प्रत्येक चर्चने बाप्तिस्मे, विवाह आणि दफने लिहून ठेवावीत असा हुकूम आठव्या हेन्री राजाचे मंत्री थॉमस क्रॉमवेल यांनी १५३८ मध्ये काढला, पण सुरुवातीची अनेक कागदी दप्तरे नष्ट झाली. १५९८ पासून चामड्यावर नोंदी करण्याचा आणि दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवण्याचा नियम झाला. ही बिशपकडची प्रत अवश्य पाहावी. मूळ दप्तर जिथे वाळवीने किंवा ओलीने गेले आहे तिथे हीच कामाला येते आणि कधीकधी दोन प्रतींतल्या फरकातून नवीच माहिती मिळते.

या दप्तरांत काही खाचखळगे आहेत. यादवी युद्धाच्या आणि त्यानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळात, म्हणजे साधारण १६४२ ते १६६० या वर्षांत, नोंदी तुटक आहेत. १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे दप्तरात ‘फेब्रुवारी १६९२’ असे असेल तर आपल्या हिशेबाने ते १६९३ साल असते. हे न कळल्यामुळे लग्नाआधीच मूल जन्मले किंवा मृत्यूनंतर बाप्तिस्मा झाला, असे चमत्कारिक निष्कर्ष काढलेले वंशवृक्ष मोठ्या संख्येने फिरत आहेत. १७३३ पूर्वीच्या नोंदी अनेकदा लॅटिनमध्ये असतात, पण त्यासाठी लागणारी शब्दसंपदा लहान आहे. मुलगा, मुलगी, विधवा, बाप्तिस्मा, दफन यांचे आठ-दहा शब्द शिकले की वाचता येते. खरी अडचण त्या काळच्या वळणदार हस्ताक्षराची असते. तिथे एकच अक्षर ओळखायचे असेल, तर त्याच लेखनिकाने त्याच पानावर लिहिलेला एखादा परिचित शब्द, जसे महिन्याचे नाव, शोधून त्यातल्या अक्षराशी ताडून पाहावे.

थॅकरे घराण्याच्या बाबतीत हा मागोवा निड नदीकाठच्या हॅम्प्सथ्वेट या खेड्यापर्यंत जातो. हॅरोगेट शहराजवळच्या या गावातून थॉमस थॅकरे (१६९३–१७६०) शिकायला बाहेर पडले, केंब्रिजला गेले, १७४६ मध्ये हॅरो शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि पुढे सरे परगण्याचे आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्माधिकारी, झाले. कादंबरीकार थॅकरे यांचे ते पणजोबा. घराण्यात कोणी विद्यापीठात गेलेला असेल, तर शोधकाला मोठाच आधार मिळतो, कारण केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या छापील सूच्यांत बहुतेक ठिकाणी बापाचे नाव आणि गाव, तर केंब्रिजच्या सूचीत अनेकदा आधीची शाळाही नोंदलेली असते. परगण्यांच्या सीमा ओलांडून गेलेल्या माणसाला त्याच्या मूळ गावाशी जोडणारा तोच दुवा ठरतो.

लेखनभेदाला घाबरू नये

अठराव्या शतकापर्यंत आडनावाचे ठरलेले असे लेखन नव्हतेच. लिहिणारा पाद्री जे ऐकू येई ते लिही आणि ज्याचे नाव तो बहुतेक निरक्षर असल्याने दुरुस्ती सुचवत नसे. थॅकरे, थॅक्रे, थॅक्रा, थॅक्वरे, थॅकरा ही सगळी एकाच नावाची रूपे आहेत. लीड्सचे वैद्य चार्ल्स टर्नर थॅक्रा (१७९५–१८३३) यांनी कामगारांच्या धंद्यामुळे होणाऱ्या रोगांचा इंग्लंडमध्ये पहिल्यांदा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांच्या आडनावाच्या शेवटी ‘वाय’ नसून ‘एच’ आहे, एवढ्यावरून ते वेगळ्या मुळाचे ठरत नाही. शोधताना टी, एच, ए, सी, के ही पहिली पाच अक्षरे लिहून पुढे तारांकन द्यावे किंवा साउंडेक्स ही ध्वनीवर आधारलेली सांकेतिक पद्धत वापरावी. त्या पद्धतीत वरच्या सगळ्या रूपांचा संकेत टी-२६० असा एकच येतो.

उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे. लेखन सारखे आहे म्हणून नाते आहे, असे होत नाही, आणि याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांनी आपल्या आडनावाचे इंग्रजी लेखन कादंबरीकार थॅकरे यांच्याविषयीच्या आदरातून त्यांच्यासारखे केले, असे सांगितले जाते. मराठी आडनाव मराठी मातीतले, इंग्रजी आडनाव यॉर्कशायरमधले. दोन्ही रोमन लिपीत अक्षरशः एकसारखी दिसतात आणि तरीही त्यांच्यात रक्ताचा काही संबंध नाही. इंटरनेटवरच्या शोधयंत्राला हे कळत नाही, शोधकाला कळले पाहिजे.

मध्ययुगात शिरताना

चर्चची दप्तरे संपली की मृत्युपत्रे, करांच्या याद्या आणि जमीनदारी न्यायालयांची दप्तरे उरतात. १८५८ पूर्वी मृत्युपत्रे चर्चच्या न्यायालयांत सिद्ध होत. उत्तर इंग्लंडची मोठी जमा यॉर्क विद्यापीठाच्या बॉर्थविक संस्थेत आहे, तर कॅंटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयाची लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात. पण प्रत्येक टापूची स्वतंत्र तऱ्हा असते, हे विसरू नये. हॅम्प्सथ्वेट ज्या नॅर्सबरो वनाच्या हद्दीत येते, तिथे मृत्युपत्रे जमीनदारी न्यायालयातच नोंदली जात, म्हणून ती शोधायला यॉर्कला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो. स्थानिक रीत आधी विचारून घ्यावी. परगण्याच्या अभिलेखागारातले कर्मचारी अशा प्रश्नांना आस्थेने उत्तर देतात आणि ईमेलनेही देतात.

यॉर्कशायरच्या आडनावांसाठी १३७९ च्या डोईपट्टीची यादी हा अनमोल ठेवा आहे. सोळा वर्षांवरील, भिकारी नसलेल्या प्रत्येकावर (नवरा-बायको मिळून एकच धरून) निदान चार पेन्सांचा कर बसवला गेला आणि पश्चिम यॉर्कशायरच्या याद्या मोठ्या प्रमाणावर टिकल्या. गावागावाने लिहिलेल्या त्या याद्यांमुळे, आडनावे नुकती घट्ट होत असतानाचे चित्र समोर येते. त्यातच विल्यम दे थॅक्वरा हे नाव सापडते. मधला ‘दे’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’, आणि ते ठिकाण म्हणजे वॉशबर्न नदीच्या खोऱ्यातल्या ग्रेट टिम्बल गावच्या हद्दीतली थॅक्रे ही वाडी. हॅम्प्सथ्वेटपासून ती जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर होती.

आता अर्थाकडे यावे. जुन्या नॉर्स भाषेत ‘थाक’ म्हणजे छपराला लागणारे गवत-बोरू आणि ‘व्रा’ म्हणजे कोपरा. गवत मिळण्याचा तो कोपरा. नवव्या शतकात, ८६६ मध्ये, ही भाषा बोलणाऱ्या, स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांनी यॉर्क घेतले आणि त्यांची वस्ती या भागात पसरली. हॅम्प्सथ्वेटमधला ‘थ्वेट’ हाही त्यांच्याच भाषेतला, जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीचा शब्द आहे. अर्थ शेवटी का पाहायचा, ते इथे दिसून येते. नुसता कोश वाचणाऱ्याला ‘गवताचा कोपरा’ हे शब्द मिळतात. दप्तरांच्या वाटेने आलेल्याला तो कोपरा कोणत्या ओढ्याकाठी होता आणि तिथून कोण कुठे गेले, हेही मिळते.

ती वाडी आज पाहता येत नाही. लीड्स शहराला पाणी पुरवण्यासाठी १८७० च्या दशकात वॉशबर्न खोऱ्यात धरणे बांधली गेली आणि थॅक्रेची जागा फ्यूस्टन जलाशयाखाली गेली. अशा वेळी जुने नकाशे उपयोगी पडतात. ऑर्डनन्स सर्व्हे खात्याने १८४० आणि १८५० च्या दशकांत यॉर्कशायरचे मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे काढले; ते धरणाआधीचे असल्यामुळे त्यांत शेते, बांध आणि घरे जागच्या जागी आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहता येतात आणि आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पारदर्शकता कमी-जास्त करता येते. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे परगणावार खंडही सोबत घ्यावेत, कारण त्यांत शेतांच्या आणि वाड्यांच्या नावांची जुनी रूपे सालांसह दिलेली आहेत.

भारतात आलेली शाखा

हॅरोच्या मुख्याध्यापकांच्या सोळा अपत्यांपैकी धाकटे विल्यम मेकपीस (१७४९–१८१३) कंपनीच्या नोकरीत बंगालमधल्या सिल्हेटला कलेक्टर होते. त्यांचे पुत्र रिचमंड १८१५ मध्ये कोलकात्यात वारले, आणि कादंबरीकार हे रिचमंड यांचे विवाहातून झालेले एकुलते एक अपत्य. अशा घराण्यांच्या भारतातल्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तरांत आहेत. तिन्ही इलाख्यांतल्या चर्चमधल्या बाप्तिस्मे, विवाह आणि दफनांच्या प्रती तिकडे पाठवल्या जात. बंगालची मालिका एन-१, मद्रासची एन-२ आणि मुंबईची एन-३ या क्रमांकाने ओळखली जाते, आणि मुंबईच्या नोंदी अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकापासूनच्या आहेत. ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ या संस्थेची सूची घरबसल्या पाहता येते. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे एक काम मनापासून करता येईल. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमधल्या संगमरवरी पाट्या आणि जुन्या छावण्यांच्या गावांतल्या कबरस्तानांतले लेख पावसापाण्याने झिजत आहेत. परवानगी घेऊन त्यांची छायाचित्रे काढून ती अशा संस्थांना दिली, तर दूर देशी बसलेल्या एखाद्या कुटुंबाचा अडलेला शोध पुढे सरकतो.

डीएनए, मानचिन्हे आणि उसने वंशवृक्ष

आडनाव आणि वाय-गुणसूत्र दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात, म्हणून विरळ आडनावांच्या बाबतीत वाय-डीएनए चाचणीने एकमूळ आहे की नाही, याचा अंदाज येतो. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस आडनावांच्या पुरुषांवर केलेल्या अभ्यासात, आडनाव जितके विरळ तितके गुणसूत्राचे साम्य अधिक, असे दिसले. स्मिथांमध्ये ते जवळजवळ नव्हते. दत्तकविधान, आईचे आडनाव लावणे, सावत्र बापाचे आडनाव घेणे यांमुळे साखळी तुटते, हेही लक्षात ठेवावे. इंग्लंडमध्ये आडनाव बदलायला पूर्वापार मोकळीक आहे.

‘तुमच्या आडनावाचे मानचिन्ह’, म्हणजे ढालीवर काढलेले घराण्याचे चिन्ह, म्हणून विकल्या जाणाऱ्या चौकटी घेऊ नयेत. इंग्लंडमध्ये मानचिन्ह एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला मिळत नाही. त्याची अधिकृत नोंद १४८४ मध्ये स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे असते. तसेच इंटरनेटवरचे तयार वंशवृक्ष उतरवून घेऊ नयेत. त्यांचा उपयोग दिशा मिळण्यापुरता करावा आणि प्रत्येक पिढीचा मूळ दस्तऐवज आपल्या डोळ्यांनी पाहावा.

टिपण ठेवताना प्रत्येक दुव्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : कोणते दप्तर, कोणत्या संग्रहात, आणि हा दुवा सिद्ध आहे, संभाव्य आहे की नुसता तर्क आहे. काही न सापडलेले शोधही सालांच्या मर्यादेसह लिहून ठेवावेत, म्हणजे तीच पाने पुन्हा चाळावी लागत नाहीत. आडनाव विरळ असेल, तर १९७९ मध्ये स्थापन झालेल्या गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीजच्या सूचीत ते आधी कोणी नोंदवले आहे का, ते पाहावे. तिथे एकेका आडनावाचे जगभरातले सगळे धारक गोळा करणारे अभ्यासक असतात, आणि त्यांना पत्र लिहिताना आपला प्रश्न एका माणसापुरता, एका गावापुरता आणि दहा-वीस वर्षांच्या काळापुरता आखून विचारावा.